चारही सिलिंडर सारखे

प्राध्यापकांची गाडी परत आली ती मी आधी नाकानं ओळखली. गाडी फाटकातून वळायच्या आत जळक्या तेलाचा वास गॅरेजात शिरला आणि मी खुर्चीवरून उठले. वासापाठोपाठ धूर आला. निळा. समोरच्या शिंप्यानं दुकानाबाहेर टांगलेले कोट लगबगीनं आत घेतले, यावरून काय ते समजा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, तो तासाभरात बरा होतो. पांढरा म्हणजे पाणी आत चाललंय. निळा म्हणजे इंजिन तेल खातंय. जुनं इंजिन तेल खातं त्यात कोणाची लाज जात नाही, म्हातारपणी सगळेच काहीतरी खातात. पण हे इंजिन आम्ही दीड महिन्यापूर्वी अख्खं खोलून नव्यानं बांधून दिलेलं. नवीन बांधलेलं इंजिन धूर सोडायला लागलं की बांधणाऱ्याच्या तोंडाला काळं.

"बाई," प्राध्यापक उतरून म्हणाले, "सुरुवातीला थोडा धूर येईल असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून मी वाट बघितली. पण आता माझ्यामागे कोणी गाडी चालवायला तयार नाही."

माणूस इतका सभ्य, की त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. गाडी त्याच्या वडिलांची. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, दार लावलं की लोखंडी कपाट लावल्यासारखा आवाज येणारी.

इंजिन बांधलं होतं माझ्या सुनेनं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मी पार्टच्या काउंटरवर बसवलं होतं. सहा वर्षांत तिथून सरकत सरकत ती इंजिनाच्या टेबलापर्यंत पोचली. सुरुवातीचे दिवस नुसतं बघत उभी राहायची, मग धुऊन द्यायला लागली, मग बांधायला. हे तिच्या नावावरचं पहिलं पूर्ण इंजिन.

आणि आमच्याकडे एक नियम आहे. केलेला मीच. ज्याचं इंजिन धूर सोडेल त्यानं टेबलावरून उठायचं, परत इंजिनाला पाना लावायचा नाही. नऊ वर्षांपूर्वी मी पोटच्या मुलाला याच नियमानं उठवलं आणि वायरिंगला बसवलं. बाजारात अजून बोलतात, त्या बाईनं मुलालासुद्धा सोडलं नाही म्हणून. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

म्हणून प्राध्यापकांच्या देखत मी आवाज चढवला. "सूनबाई, ये बाहेर! बघ तुझी करामत. शिंप्याचे कोट धुरानं इस्त्री होऊन निघाले."

ती आली, सायलेन्सरपाशी वाकली, बोट आत फिरवून बघितलं. बोट काळं आणि ओलं. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला.

"आई, धूर कुठून येतोय ते आधी शोधू द्या. मग कोणाचा ते ठरवू."

"धुराचा पत्ता शोधायला कशाला हवा? इंजिन तुझं."

"तीन दिवस द्या. चूक माझी निघाली तर मी स्वतः उठेन, तुम्ही सांगायच्या आधी. पण माझी नसली तर मी इथंच बसणार. मग पुन्हा कोणी मला ऊठ म्हणायचं नाही."

"बघू," मी म्हणाले. माझ्या तोंडावर असं कोणी बोललेलं मला चालत नाही, पण प्राध्यापक उभे होते.

तीन दिवस वाट बघेन तर ती मी कसली. आत जाऊन मी बोअरवाल्या मिस्त्रीला फोन लावला. आमच्या ह्यांचा जुना मित्र, सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली भिंत, त्यानंच घासून दिला होता. म्हटलं, "भावजी, डोळे गेले असतील तर लेथ विका आणि घरी नातवंडं सांभाळा."

"वहिनी, झालं काय? बोअर तर आरशासारखा दिलाय."

"तिथंच चुकलं! आरसा काय तोंड बघायला हवा होता? बोअरवर बारीक रेघांची जाळी लागते, तिच्यात तेल थांबतं तेव्हा पिस्टनवरच्या रिंगा नीट बसतात. आंधळ्या माणसाला काम दिलं, माझंच चुकलं."

"जाळी आहे, वहिनी. आरसा आपला बोलायला म्हटलं." मग म्हणाला, "परवा इंजिन उघडाल तेव्हा मी येतो. माझं मी माझ्या डोळ्यांनी बघेन. गेले नसतील तर."

पहिल्या दिवशी सून गाडी घेऊन टेकडीच्या रस्त्याला गेली. शेजारी मी. मागून दुसऱ्या गाडीत मुलगा, धूर बघायला. चढावर इंजिन जोर लावतं तेव्हा धूर आला तर रिंगांचा दोष. उतारावर पाय काढून गाडी घरंगळू द्यायची आणि खाली पोचल्यावर एकदम पाय द्यायचा, तेव्हा ढग निघाला तर व्हॉल्व्हच्या गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिचा दोष, कारण तेल तिथून झिरपून साठलेलं असतं. हे मला शाळेनं नाही शिकवलं. शाळा माझी चौथीत सुटली.

खाली पोचल्यावर मुलगा खोकत खोकत उतरला. "चढावर आहे, उतारावर आहे, सिग्नलला उभी असतानाही आहे. सगळीकडे सारखाच. आता दोन दिवस मला जेवणाची चव लागणार नाही."

"तुला वायरिंगवाल्याला धुरातलं काय कळतं," मी म्हणाले. तो हसला. तो नेहमी हसतो.

दुपारी तिनं प्लग काढले. चारही ओले, चारही काळे. मग प्रत्येक सिलिंडरला गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाब किती धरतो ते, घेतलं. चौघांचं उत्तम, चौघांचं सारखं. वरून चमचाभर तेल सोडून परत घेतलं. काटा तिथंच. रिंगा बोअरला धरून बसल्या नसत्या तर तेल घातल्यावर काटा वर चढला असता. म्हणजे मिस्त्री सुटला.

"गेज बिघडलंय," मी म्हणाले.

तेच गेज तिनं दारातल्या दुसऱ्या गाडीला लावून दाखवलं. त्या गाडीची अवस्था जितकी वाईट होती तितकीच गेजनं दाखवली.

दुसऱ्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. मी मनात पैज लावून बसले होते की गाइड सैल निघणार, कारण गाइड तिनं ठोकले होते. तिनं एकेक व्हॉल्व्ह काढला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. मी हातात घेऊन हलवून बघितले, घट्ट. व्हॉल्व्हची पाठ कोरडी. तिथून तेल आलं असतं तर पाठीवर डिंकासारखा थर चढलेला असता. मी चारदा बघितलं. शोधतच होते की काहीतरी निघावं. सासूपणाची हौस, दुसरं काय.

मग मी उघड्या इंजिनावर वाकले आणि पिस्टन बघितले.

पिस्टनच्या डोक्यावर काजळी धरते, तशी होती. पण काठाला गोल बांगडीसारखा स्वच्छ पट्टा. खालून तेल वर येऊन काठ धूत होतं. पहिल्या पिस्टनला तो पट्टा, दुसऱ्याला तो, तिसऱ्याला, चौथ्याला. मापून काढल्यासारखे चारही सारखे.

एका सिलिंडरला काही झालं तर तो रोग असतो. चौघांना एकच झालं तर तो रोग नव्हे, तो हात. बांधणाऱ्यानं एकच चूक चार वेळा केलेली असते. हे वाक्य मीच या गॅरेजात सगळ्यांना शिकवलंय.

आणि रिंगा या गॅरेजात फक्त मी चढवते.

आमचे हे गेले तेव्हापासून ही रीत. इंजिन कोणीही बांधो, पिस्टनवर रिंगा माझ्या अंगठ्यांनी चढायच्या. बाकीचे चिमटा लावतात आणि तरी दहात एक मोडतात. माझ्या हातून एकतीस वर्षांत एक मोडली नाही. वरची खालची बाजू मी नखानं ओळखते. पिस्टनवर वरून दुसऱ्या नंबरच्या रिंगेला काठाशी बारीक पायरी असते, नख अडतं. नख अडेल ती बाजू खाली. ह्यांनी मला एवढंच सांगितलं होतं आणि एवढंच पुरलं होतं.

प्राध्यापकांच्या इंजिनाच्या रिंगा नेहमीच्या दुकानात मिळाल्या नाहीत. दुसरीकडून मागवल्या, त्या तेलकट कागदात गुंडाळलेल्या नव्हत्या, चपट्या प्लास्टिकच्या पाकिटात होत्या. आत एक छापील कागद. सून म्हणाली होती, "आई, ही जात वेगळी आहे. कागद एकदा वाचून घ्या."

मी म्हणाले, "चष्मा घरी राहिलाय. आणि एकतीस वर्षं काय मी कागद वाचून रिंगा चढवल्या?"

चष्मा माझ्या डोक्यावर होता. तिनं तो बघितला. काही न बोलता गाइड ठोकायला निघून गेली, आणि मी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला. आपली अक्षरं मला वाचता येतात. ती परकी अक्षरं येत नाहीत. हे मी आयुष्यात कोणाला सांगितलेलं नाही.

त्या रिंगेवर नख फिरवलं, खरखर लागली. मला वाटलं पायरी. खरखरीची बाजू मी खाली घातली. चार वेळा.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होत आली होती. मी तेव्हाच बोलू शकले असते. टेबलापाशी आम्ही दोघीच होतो. पण मी म्हणाले, "मला जरा चक्कर येतेय," आणि जाऊन खुर्चीवर बसले. चक्कर वगैरे काही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिस्टन बाहेर काढले. दुसऱ्या नंबरची रिंग उतरवली, रॉकेलमध्ये धुतली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. तिच्या अंगावर तीन अक्षरं कोरलेली होती, तीच माझ्या नखाला लागलेली खरखर. अक्षरांची बाजू वर यायला हवी असं कागदावर चित्रासकट लिहिलेलं होतं. त्या रिंगेचा काठ डोळ्याला न दिसण्याइतका तिरका असतो. सुलटी बसली तर खाली येताना तेल खरवडून खाली नेते. उलटी बसली तर तेच तेल ओढून वर नेते आणि जाळते.

तिनं चारही रिंगा फडक्यावर ओळीनं मांडल्या. एकदा माझ्याकडे बघितलं. मी बाहेर रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर काही नव्हतं.

तेवढ्यात मिस्त्री आला, मागोमाग प्राध्यापक.

"बोला वहिनी," मिस्त्री बाह्या सावरत म्हणाला, "कुठं चुकला या आंधळ्याचा बोअर?"

उत्तर सुनेनं दिलं. "काका, बोअर फार सुंदर आहे. जाळी अजून दिसतेय, या, बघा. दुसरी रिंग उलटी बसली होती, चारही पिस्टनना."

मिस्त्रीनं बोअरमध्ये बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. रिंगा कोण चढवतं हे या धंद्यात त्याला ठाऊक नसेल तर कोणाला?

"चढवल्या कोणी?" त्यानं विचारलं. सावकाश.

"माझं इंजिन आहे, काका," ती म्हणाली. "चूक माझी."

तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. मी समोरचा चहाचा कप उचलला आणि तोंडाला लावला. कप रिकामा होता. तरी मी प्यायले.

प्राध्यापक म्हणाले, "सापडलं ना? मग झालं तर. चुका कोणाकडून होत नाहीत?" आणि तिला म्हणाले, "तुम्ही कबूल केलंत, हेच मोठं." मी तिथंच उभी होते.

तिनं रिंगा सुलट्या चढवल्या, स्वतः. मला विचारलं नाही आणि मी हात पुढे केला नाही. इंजिन बांधलं, सुरू केलं. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरला, तो पांढराच राहिला. गाडी गेली. मग तिनं पाने पुसून जागच्या जागी लावले, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि जाऊन पार्टच्या काउंटरमागे बसली. बोलल्याप्रमाणे. मी सांगायच्या आधी.

आणि मी बसू दिलं.

मनाशी मी काय काय म्हणत होते ते सांगते. घरातली गोष्ट आहे, सवडीनं सांगू. चार लोकांत मालकिणीची चूक निघाली तर गॅरेजचं नाव जाईल. दोन महिन्यांनी तिला मीच परत टेबलावर बोलवेन, सगळे म्हणतील सासू दिलदार आहे. हे शेवटचं तर मला इतकं पटलं होतं की मी तारीखसुद्धा ठरवली होती.

घरी ती नेहमीसारखीच वागायची. जेवायला वाढायची, आई अजून घ्या म्हणायची. जेवणात तिखट मीठ जिथल्या तिथं. एखाद्या दिवशी तिनं भांडं आपटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित खरं बोलूनही गेले असते. पण तिनं आपटलं नाही. घास गिळताना माझी नजर ताटातून वर येत नव्हती.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एका दुसऱ्या इंजिनाच्या रिंगा आल्या. परत चपटं पाकीट. काउंटरवरून तिनं ते माझ्या हातात दिलं. मी पाकीट फोडलं, रिंगेवर नख फिरवलं, ती खरखर लागली. आणि माझा हात तिथंच थांबला.

असं पाकीट माझ्या हातात तिसऱ्यांदा आलं होतं. प्राध्यापकांचं दुसरं. पहिलं नऊ वर्षांपूर्वी.

मुलाचं इंजिन.

त्या दिवशी त्या इंजिनाचे प्लग मीच काढले होते. ते हातात नाचवत मी अख्ख्या गॅरेजला ऐकवलं होतं, "चारही ओले! एक नाही, दोन नाही, चारही! असा नालायकपणा मी जन्मात बघितला नाही!" गिऱ्हाईक चिडून गाडी ओढत दुसरीकडे घेऊन गेलं, इंजिन आमच्याकडे कधी उघडलंच नाही. मी नियम केला तो त्याच दुपारी. माझ्याच तोंडानं मी पुरावा ओरडून सांगत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

मग मिस्त्रीला फोन केला, म्हटलं, या. कशाला म्हणून त्यानं विचारलं, मी म्हटलं, या म्हटलं ना.

भर दुपारी, सगळी कामं चालू असताना मी टेबलापाशी उभी राहिले. सून काउंटरवर. मिस्त्री दारात. मुलगा एका गाडीच्या डॅशबोर्डखाली आडवा, नुसते पाय बाहेर.

"ऐका," मी म्हणाले. "एकदाच सांगणार. प्राध्यापकांच्या रिंगा उलट्या बसल्या त्या मी चढवल्या होत्या. चष्मा घरी नव्हता राहिलेला. मला तो कागद वाचता येत नाही. ती अक्षरं मला येत नाहीत."

मग सून म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"आले त्या वर्षीपासून. काउंटरवरची खोकी तुम्ही रंगावरून ओळखता. एकदा कंपनीनं रंग बदलला तेव्हा तुम्ही दिवसभर माझ्यावर ओरडत होतात."

"मग त्या दिवशी गप्प का बसलीस? कागद मोठ्यानं वाचून दाखवायचास."

"वाचला असता तर तुम्ही मला काउंटरवरूनही उठवलं असतं, आई." ती शांतपणे म्हणाली. "पण त्यात माझंही चुकलं. अक्षरं बघून मी रिंगा एकदा तपासायला हव्या होत्या. तुमच्या हातच्या म्हणून धीर झाला नाही. म्हणून चूक माझी म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं ते."

मी म्हणाले, "टेबलावर ये. नियमानं उठायचं ते मी उठते."

"तुम्ही कशाला उठता? तुमच्या हातून रिंग मोडत नाही, ते मला जमणार नाही. रिंगा तुम्हीच चढवा. पण पिस्टन बोअरमध्ये जायच्या आधी मी एकदा बघणार. दर वेळी."

एकतीस वर्षांत माझ्या हातचं कोणी तपासलं नव्हतं. मी मान हलवली.

मिस्त्री खाकरला. "वहिनी, फोनवर मला आंधळा म्हणालात..."

"आंधळी मी. झालं समाधान?"

"नाही झालं. पण चहा सांगितलात तर विचार करेन."

सून हसली. मलाही हसू आलं असतं, पण अवघड ते अजून राहिलं होतं. मी त्या गाडीपाशी गेले. मुलाच्या पायांशी बोलावं लागलं, चेहरा आत होता.

"अरे, तुझं ते इंजिन," मी म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचं. त्याच्याही रिंगा अशाच पाकिटातल्या होत्या. त्याही मीच..."

आतला पकडीचा आवाज थांबला.

"चारही प्लग ओले होते," तो आतून म्हणाला. "मला नंतर कितीदा वाटलं. पण रिंगा तुझ्या हातच्या. तिकडे बोट दाखवायचं म्हणजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"बाहेर ये. टेबलावर बस. दोघं मिळून बांधा, पुढचं इंजिन तुझ्या नावावर."

मला त्याचे बूट दिसत होते. डाव्याचा तळ झिजून पातळ झाला होता आणि ते मला आत्ता दिसत होतं.

"आता मला वायरिंगच येतं, आई," तो म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. "तो दिवा दे बरं इकडे. इथं काही दिसत नाहीये."

मी हुकाला टांगलेला दिवा काढला, गुडघे टेकले, आणि हात आत घालून धरला.

"जरा डावीकडे," तो म्हणाला.

मी डावीकडे केला.